‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही इंग्रजीच्या सरावाबद्दल प्रश्न मागवले होते. नाशिक शहर, निफाड, येवला, देवळाली इथून आलेली बहुतेक पत्रं दोनच गोष्टींबद्दल आहेत: वाक्यात कोणता शब्द कुठे ठेवायचा, आणि फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘टर्न ऑफ’, ‘गिव्ह अप’ असे क्रियापद आणि मागचा छोटा शब्द यांचे जोड, कसे वापरायचे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती नुसती डोळ्यांखालून घालू नका, मोठ्याने म्हणा. एक सूचना आधीच. ‘बंद’, ‘दूर’, ‘सुटं’ अशा अर्थाचा दोन एफवाला शब्द इथे ‘ऑफ’ असा लिहिला आहे, आणि चा-ची-चे या अर्थाचा एका एफचा शब्द ‘ऑव्ह’ असा. उच्चारही तसेच वेगळे आहेत. आपल्याकडे दोन्ही ‘ऑफ’च म्हटले जातात आणि पुढचे बरेच घोळ तिथून सुरू होतात.

प्रश्न : सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. इंग्रजी मेल वाचले की समजतात. पण बाहेरचे ऑडिटर आले की तोंडातून ‘आय यस्टरडे द पंप चेक्ड’ असं काहीतरी निघतं. व्याकरण माहीत असूनही असं का होतं?

मराठीत कोण काय करतंय हे प्रत्यय सांगतात. ‘ऑपरेटरने मेकॅनिकला बोलावलं’ हे वाक्य ‘मेकॅनिकला ऑपरेटरने बोलावलं’ असं फिरवा, नाहीतर ‘बोलावलं ऑपरेटरने मेकॅनिकला’ असं म्हणा. ‘ने’ आणि ‘ला’ आपापल्या नामाला चिकटलेले आहेत तोवर बोलावणारा बदलत नाही. ‘द ऑपरेटर कॉल्ड द मेकॅनिक’ यात मात्र दोन नावांची अदलाबदल केली की बोलावणाराच बदलतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्दांचा क्रमही बराच मोकळा होता. पुढे ते प्रत्यय झिजले आणि त्यांचं काम जागेवर येऊन पडलं. इंग्रजीत शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय, एवढं पक्कं धरून चाला.

तुमची खरी अडचण मात्र वेळेची आहे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. कोण, कधी, काय हे सगळं सांगून होईपर्यंत क्रियापद ठरवायला सवड मिळते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ लागतं. क्रियापद ठरायच्या आत तुम्ही तोंड उघडता, मग हाताशी असलेले ‘यस्टरडे’, ‘पंप’ हे शब्द आधी बाहेर पडतात. म्हणून सराव वाक्यांचा नको, वाक्याच्या पहिल्या दोन जागांचा हवा.

कामातली पाच क्रियापदं घ्या: चेक, रिप्लेस, क्लीन, टाइटन, टेस्ट. पहिल्या फेरीत फक्त कर्ता आणि क्रियापद, एका दमात: ‘आय चेक्ड’, ‘वुई रिप्लेस्ड’, ‘ही क्लीन्ड’. दुसऱ्या फेरीत पुढे कर्म लावा: ‘आय चेक्ड द पंप’. तिसऱ्या फेरीत ठिकाण: ‘आय चेक्ड द पंप ऑन लाइन टू’. चौथ्या फेरीत वेळ: ‘आय चेक्ड द पंप ऑन लाइन टू यस्टरडे’. दर फेरीला वाक्य पहिल्यापासून म्हणायचं, नुसती शेवटची भर नाही. ही 20 वाक्यं झाली, 10 मिनिटांत होतात. दोन आठवड्यांनी हीच वाक्यं नकारार्थी आणि प्रश्नार्थी करा: ‘आय डिड नॉट चेक द पंप’, ‘डिड यू चेक द पंप?’ भूतकाळ ‘डिड’ने उचलला की ‘चेक्ड’चा ‘चेक’ होतो. ‘डिड यू चेक्ड’ ही चूक चांगल्या शिकलेल्यांच्याही तोंडी असते, आणि ती फक्त म्हणून म्हणूनच जाते.

तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये काही घालायचं नाही. ‘आय चेक्ड यस्टरडे द पंप’ आणि ‘आय लाइक व्हेरी मच टी’ ही वाक्यं याच कारणाने कानाला खटकतात. वेळ सगळ्यात शेवटी, नाहीतर सगळ्यात आधी. दुसरं, ‘ऑलवेज’, ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ हे किती वेळा ते सांगणारे शब्द. त्यांची जागा मुख्य क्रियापदाच्या आधी असते: ‘द कॉम्प्रेसर ऑफन ट्रिप्स’. पण ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ असेल तर त्याच्या नंतर: ‘द कॉम्प्रेसर इज ऑफन हॉट’. सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर: ‘द सप्लायर हॅज नेव्हर सेंट अ राँग पार्ट’.

तिसरं सगळ्यात मोठं, आणि त्याकडे शिकवणाऱ्यांचंही लक्ष कमी जातं. मराठीत कर्ता गाळला तरी चालतो. ‘आला का?’, ‘झालं’, ‘पाठवलंय’ ही पूर्ण वाक्यं आहेत. इंग्रजीत आज्ञा सोडल्या तर पहिली जागा रिकामी ठेवता येत नाही. सांगण्यासारखा कर्ता नसला तरी ‘इट’ किंवा ‘देअर’ तिथे बसवावा लागतो: ‘इट इज रेनिंग’, ‘देअर आर टू पार्सल्स ऑन द टेबल’. आपली ‘मला’ची वाक्यं तर मुद्दाम घोटून घ्यावीत. मला चहा आवडतो, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आलाय, मला उशीर झाला: इंग्रजीत या सगळ्यांत माणूस उठून पहिल्या जागेवर येतो. ‘आय लाइक टी’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ फीवर’, ‘आय ॲम लेट’. अशी मराठी वाक्यं दिवसभरात कानावर पडतील तशी वहीत उतरवा आणि रात्री फक्त त्यांचे पहिले दोन शब्द इंग्रजीत म्हणा. बाकीचं वाक्य आपोआप मागून येतं.

प्रश्न : मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज युअर आयडी’ हे चूक आहे असं मॅनेजर म्हणतात. प्रश्न आहे तर ‘इज’ आधी यायला नको का?

मॅनेजरांचं बरोबर आहे. एका वाक्यात उलटापालट एकदाच होते, आणि ती ‘कॅन यू’मध्ये होऊन गेली. पुढचा भाग आता प्रश्न राहिला नाही, तो ‘टेल’चं कर्म झाला. म्हणून तिथे साधा क्रम: ‘कॅन यू टेल मी व्हेअर युअर आयडी इज?’ ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ असतील तर तेही निघून जातात. ‘व्हेन डज द बस लीव्ह?’ या प्रश्नाचं ‘डू यू नो व्हेन द बस लीव्ज?’ होतं, ‘डज’ गेला आणि त्याचा ‘स’ ‘लीव्ज’ला येऊन लागला. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ घाला: ‘कॅन यू टेल मी इफ द रूम इज रेडी?’

मराठीत ‘बस कधी सुटते?’ आणि ‘बस कधी सुटते ते सांगाल का?’ यांत आतला तुकडा तसाच राहतो, म्हणून इंग्रजीतही आपण तो तसाच उचलून ठेवतो. हीच सवय ‘व्हाय यू आर नॉट कमिंग?’ या उलट चुकीच्या मागे आहे. तिथे तो सरळ प्रश्न आहे, म्हणून ‘व्हाय आर यू नॉट कमिंग?’ असंच हवं.

रिसेप्शनवर रोज विचारले जाणारे दहा प्रश्न लिहा: पंचवटीला रिक्षा कुठे मिळेल, त्र्यंबकेश्वरची बस किती वाजता, नाश्ता कधी सुरू होतो. प्रत्येक प्रश्न आधी सरळ विचारा, मग ‘कॅन यू टेल मी’ लावून, मग ‘आय डोन्ट नो’ लावून. ‘व्हेअर कॅन आय गेट अ रिक्षा?’, ‘कॅन यू टेल मी व्हेअर आय कॅन गेट अ रिक्षा?’, ‘आय डोन्ट नो व्हेअर यू कॅन गेट अ रिक्षा’. आठवडाभर एवढंच करा. एक अपवाद ध्यानात ठेवा: कर्त्याबद्दलच विचारत असाल तर ‘डिड’ येत नाही. ‘हू कॉल्ड?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’

प्रश्न : येवल्याला पैठणीचं दुकान आहे. परदेशी गिऱ्हाइकाला ‘सिल्क ओल्ड ब्युटिफुल सारी’ म्हटलं तर ते हसतात. विशेषणांचाही क्रम असतो का?

असतो. आधी तुमचं मत, मग आकार, मग वय, मग रंग, मग कुठली, मग कशाची: ‘अ ब्युटिफुल ओल्ड पर्पल सिल्क सारी’. वस्तूच्या अंगभूत गुणाचा शब्द नामाच्या जवळ, तुमच्या मताचा शब्द लांब. ‘सुंदर जुनी जांभळी रेशमी पैठणी’ असं मराठीतही आपण याच क्रमाने म्हणतो, तेव्हा इथे मराठीवर भरवसा ठेवा. इथे क्रम दाखवायला चार घेतली, पण बोलताना एका साडीला तीनपेक्षा जास्त विशेषणं एका वाक्यात लावू नका. उरलेलं दुसऱ्या वाक्यात ‘इट इज’ने सांगा.

प्रश्न : निफाड तालुक्यात द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये डॉक्युमेंटेशन बघते. 300 फ्रेजल व्हर्बची यादी पाठ केली, पण फोनवर बोलताना एकही आठवत नाही. अर्थ तर सगळे येतात.

यादी कशी लावलेली होती त्यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक याद्या क्रियापदाप्रमाणे असतात: गेट अप, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट अवे, गेट थ्रू. यांत ‘गेट’ समान आहे, अर्थाला मात्र एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. अशा याद्या पाठ होतात आणि एकमेकींत मिसळून जातात. सॅम्युअल जॉन्सन याने 1755 साली इंग्रजीचा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत परकीयांना सगळ्यात जड जाणारी रचना म्हणून त्याने क्रियापदाला मागून लागणाऱ्या या छोट्या शब्दांचाच उल्लेख केला आहे. अडचण जुनी आहे, तुमची एकटीची नाही.

यादी मागच्या छोट्या शब्दाप्रमाणे लावा. ‘अप’ पुष्कळदा ‘पुरतं, शेवटपर्यंत’ हा अर्थ आणतो: यूज अप, फिनिश अप, ड्राय अप, सील अप, क्लीन अप. मराठीत हे काम ‘टाकणे’ करतं. खा आणि खाऊन टाक, पी आणि पिऊन टाक यांत जो फरक आहे, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये आहे. संयुक्त क्रियापदं आपण लहानपणापासून वापरतो, तेव्हा ही कल्पना आपल्याला नवी नाही. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेव, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाक. ‘डाउन’ उतार दाखवतो: कूल डाउन, स्लो डाउन, कट डाउन, ब्रेक डाउन. ‘ऑफ’ सुटणं किंवा थांबणं: कट ऑफ, कॉल ऑफ, सेट ऑफ. ‘ऑन’ चालू राहणं: कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन. ‘बॅक’ परत: सेंड बॅक, कॉल बॅक, पे बॅक. सगळे अर्थ असे उलगडत नाहीत. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं. हे वेगळे बाजूला काढून पाठच करायचे.

आता तुमच्या कामातले घ्या, 300 नकोत. ‘द कंटेनर वॉज हेल्ड अप ॲट द पोर्ट’, कंटेनर बंदरावर अडकला. ‘वुई हॅव रन आउट ऑव्ह कार्टन्स’, खोकी संपली. ‘द ग्रेप्स मस्ट बी कूल्ड डाउन बिफोर लोडिंग’. ‘प्लीज सॉर्ट आउट द पेपर्स टुडे’. ‘दे कॉल्ड ऑफ द इन्स्पेक्शन’. ‘सम बॉक्सेस हॅव गॉन ऑफ’, काही पेट्यांतला माल खराब झाला. बागेत छाटणी चालू असेल तर ‘दे आर कटिंग बॅक द व्हाइन्स’. आठवड्याला पाचच घ्या, आणि प्रत्येकाचं एक कार्ड करा. कार्डावर मराठी अर्थ लिहू नका, चार वाक्यं लिहा. उदाहरणार्थ ‘कॉल ऑफ’:

दे कॉल्ड ऑफ द इन्स्पेक्शन.
दे कॉल्ड द इन्स्पेक्शन ऑफ.
दे कॉल्ड इट ऑफ.
द इन्स्पेक्शन वॉज कॉल्ड ऑफ.

कर्म मागे, कर्म मध्ये, सर्वनाम मध्ये, आणि शेवटी कर्मणी. चारही वेळा ‘ऑफ’ कुठे पडतो ते जिभेला कळलं पाहिजे. कर्मणीत तो गाळण्याचा मोह फार होतो: ‘द इन्स्पेक्शन वॉज कॉल्ड’ म्हटलं की तपासणी रद्द झाली हा अर्थच निघून जातो. हे कार्ड पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी काढा. बघून वाचायचं नाही. पहिलं वाक्य बघा, कार्ड उलटं ठेवा आणि उरलेली तीन म्हणा. यादी पाठ करताना तुम्ही शब्द ओळखायचा सराव केला होता, शब्द काढायचा नाही. फोनवर लागतो तो दुसरा.

जाता जाता मेलबद्दल. बोलताना ‘पुट ऑफ’, लिहिताना ‘पोस्टपोन’ हा फरक पाळलेला बरा, पण सगळेच फ्रेजल व्हर्ब अनौपचारिक नसतात. ‘कॅरी आउट’, ‘सेट अप’, ‘पॉइंट आउट’, ‘फॉलो अप’ कोणत्याही कार्यालयीन पत्रात निर्धास्त वापरा.

प्रश्न : ‘टर्न ऑफ द मोटर’ चालतं, ‘टर्न द मोटर ऑफ’ चालतं, मग ‘टर्न ऑफ इट’ का नाही? आणि ‘लुक आफ्टर इट’ बरोबर, तर ‘लुक इट आफ्टर’ चूक! हे ओळखायचं कसं? (अशी सहा पत्रं आहेत.)

इंग्रजी वाक्याचा शेवट ही नव्या माहितीची जागा आहे. ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ हे शब्द ज्याबद्दल आधीच बोलून झालंय त्याबद्दल असतात, त्यांत नवीन काही नाही. म्हणून ते आत सरकतात आणि शेवट ‘ऑफ’ला मिळतो. ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक देम अप’, ‘वेक हिम अप’. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या आहेत, पण लांबलचक कर्म मध्ये कोंबू नका. ‘टर्न द मोटर दॅट वुई फिटेड बिहाइंड द वेल ऑफ’ असं म्हटलं तर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा ‘टर्न’ विसरलेला असतो. तिथे ‘टर्न ऑफ’ आधी, मोटरीचं वर्णन मागून.

हे झालं तुटणाऱ्यांचं, म्हणजे ज्यांच्या मध्ये कर्म बसतं त्यांचं. ‘लुक आफ्टर’, ‘लुक फॉर’, ‘डील विथ’, ‘रन इंटू’, ‘कम अक्रॉस’ तुटत नाहीत, कारण त्यांतला मागचा शब्द आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा पुढच्या नामाला धरून असतो. ओळखायच्या तीन खुणा आहेत.

पहिली खूण मागच्या शब्दावरून. आफ्टर, फॉर, विथ, ॲट, इंटू, फ्रॉम, ऑव्ह असेल तर तोडू नका. अप, डाउन, आउट, अवे, बॅक असेल आणि पुढे कर्म असेल तर बहुधा तुटतो. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की ‘गो अप द स्टेअर्स’सारख्या वाक्यात ‘अप’ही नामालाच धरून असतो. ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ वेगळे म्हणा असं सुरुवातीला सांगितलं ते यासाठी.

ऑन, ऑफ, ओव्हर हे दोन्हीकडचे आहेत, तिथे दुसरी खूण लावा. काम झाल्यावर ती वस्तू त्या अवस्थेत गेली का? मोटर ‘टर्न ऑफ’ केली, आता मोटर ऑफ आहे. म्हणून ‘टर्न इट ऑफ’. हेल्मेट ‘पुट ऑन’ केलं, हेल्मेट डोक्यावर गेलं. ‘पुट इट ऑन’. किल्ल्या ‘हँड ओव्हर’ केल्या, किल्ल्या पलीकडे गेल्या. ‘हँड देम ओव्हर’. पण बसमधून ‘गेट ऑफ’ झालो तर बस कुठे ऑफ झाली? सुटलो तो मी. म्हणून ‘गेट ऑफ इट’. ‘गेट ऑन द ट्रेन’चंही तसंच. ही खूण सरळ अर्थाच्या क्रियापदांना नीट लागते. ‘गिव्ह अप’सारख्या अर्थ पार बदललेल्यांना ती लावत बसू नका; ते कार्डावरून शिका.

तिसरी खूण कानाची. ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर इट’मध्ये जोर ‘लुक’ आणि ‘वेट’वर, ‘ॲट’ आणि ‘फॉर’ दबके. पण ही परीक्षा ॲट, फॉर, टू असल्या एकअक्षरी शब्दांपुरतीच घ्या. आफ्टर, अक्रॉस यांच्यावरही जोर येतो, तिथे ती फसवते.

तीन शब्दांचे जोड बहुधा तुटत नाहीत: ‘रन आउट ऑव्ह इट’, ‘पुट अप विथ इट’, ‘कीप अप विथ देम’. ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लागतं, ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. अर्जांमध्ये ‘टू मीट यू’ सर्रास दिसतं. याच ‘अप विथ’च्या सवयीतून ‘कोप अप विथ’ तयार झालं आहे. मूळ जोड नुसता ‘कोप विथ’ आहे.

प्रश्न : आपल्याकडे सगळे ‘पास आउट झालो’, ‘फिल अप द फॉर्म’ म्हणतात. यातलं काय सोडून द्यायचं?

भारतात बोलताना यांतलं बरंचसं चालतं आणि सगळ्यांना कळतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. परीक्षा, परदेशी ग्राहक, बाहेरच्या कॉलेजचा अर्ज असेल तर सांभाळा. ‘पास आउट’चा तिकडचा नेहमीचा अर्थ बेशुद्ध पडणं, कॉलेज संपलं यासाठी ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2019’. फॉर्म ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ गाडीच्या टाकीसाठी ठेवा. बसमधून ‘गेट डाउन’ऐवजी ‘गेट ऑफ’, पण कार किंवा रिक्षातून ‘गेट आउट ऑव्ह’. दिव्याला ‘पुट ऑफ’ऐवजी ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’, कारण ‘पुट ऑफ’ ऐकलं की आधी ‘पुढे ढकलणं’ आठवतं. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘ऑर्डर फॉर टू टीज’ यांतला जादा शब्द काढून टाका. आणि ‘एक्सप्लेन मी’ नको, ‘एक्सप्लेन इट टू मी’.

प्रश्न : देवळालीत राहते. घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, क्लासला जायला वेळ नाही. सराव कोणाबरोबर करू?

हाताबरोबर. घरकामात फ्रेजल व्हर्ब ठासून भरले आहेत आणि वस्तू समोरच असतात, त्यामुळे मराठीतून भाषांतर करायची वेळच येत नाही. चहा करताना हे म्हणा: ‘आय टर्न ऑन द गॅस. आय पुट द वॉटर ऑन. आय क्रश अप सम जिंजर अँड थ्रो इट इन. आय ॲड टी अँड शुगर. आय पोर इन द मिल्क. आय टर्न द गॅस डाउन. इट इज बॉइलिंग ओव्हर! आय टेक इट ऑफ. आय पोर इट आउट.’ दूध उतू जाणं म्हणजे ‘बॉइल ओव्हर’. त्याला कर्म नाही, म्हणून तोडायचा प्रश्नच नाही.

पहिला आठवडा असाच, करता करता. दुसऱ्या आठवड्यात कप घेऊन बसल्यावर तेच सगळं भूतकाळात: ‘आय टर्न्ड ऑन द गॅस’. ‘पुट’ तसाच राहतो, ‘थ्रो’चा ‘थ्रू’ होतो, ‘टेक’चा ‘टुक’. तिसऱ्या आठवड्यात शक्य तिथे नामाच्या जागी ‘इट’ घाला: ‘आय टर्न्ड इट ऑन, आय पुट इट ऑन, आय क्रश्ड इट अप’. अडखळाल ते इथेच, आणि सरावाची गरजही इथेच आहे. मग कपडे घ्या: ‘हँग आउट’, ‘टेक इन’, ‘फोल्ड अप’, ‘पुट अवे’.

आठवड्यातून दोनदा फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा, विषय कालचा दिवस. मग ऐकत ऐकत जसं बोललात तसंच लिहून काढा, सुधारू नका. प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ ओढा. रेघेच्या आधी कर्ता, सुरुवातीची वेळ आणि ‘ऑलवेज’सारखे शब्द सोडून काही जास्तीचं आलंय का? रेघेच्या लगेच नंतर कर्म आहे का, की मध्ये काही शिरलंय? कर्ताच गळालाय का? एवढं तपासा, दुरुस्त करा आणि तोच विषय पुन्हा रेकॉर्ड करा. स्पेलिंग आणि ‘द’-‘अ’च्या चुकांकडे या वेळी बघू नका, सगळं एकदम धरलं की काहीच हातात राहत नाही.

वाचायला सोप्या इंग्रजीतल्या मुलांच्या गोष्टी घ्या. नाशिकच्या 1840 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी त्या चाळून निवडता येतात. रोज एक पान, आणि त्यातले फक्त फ्रेजल व्हर्ब संपूर्ण वाक्यासकट वहीत.

प्रश्न : सिनेमात हे छोटे शब्द ऐकूच येत नाहीत. ‘पिक इट अप’चं काय होतं?

‘पि-कि-टप’ होतं. व्यंजनाने संपणारा शब्द पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो. ‘टर्न इट ऑफ’ हे ‘टर-नि-टॉफ’, ‘पुट इट ऑन’ हे ‘पु-टि-टॉन’, ‘टेक इट आउट’ हे ‘टे-कि-टाउट’. तुम्ही तीन सुटे शब्द ऐकायला कान लावून बसता आणि समोरून एकच शब्द येतो. त्यामुळे आधी स्वतः तसं म्हणायला शिका, मग ऐकू येतं. शेवटचा तुकडा ठळक, मधला ‘इट’ जवळजवळ गिळलेला. प्रत्येक जोड आधी सावकाश तीनदा, मग बोलण्याच्या वेगाने पाचदा. नंतर आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र लावा, अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडा आणि निवेदकाच्या मागोमाग एका शब्दाच्या अंतराने बोलत राहा. बातम्यांत ‘कॅरीड आउट’, ‘सेट अप’, ‘कॉल्ड ऑफ’ हमखास येतात. तोच तुकडा सलग चार दिवस घ्या. पाचव्या दिवशी तो न ऐकता लिहून बघा आणि मागचे छोटे शब्द किती जागेवर आले ते मोजा.